धूम्रपान : शरीरात धुमसणारा विस्तव

पायात काटा रुतला, की त्याभोवतीची कातडी लाल होते, सुजते, तापते आणि ठणकू लागते. लाली, सूज, उष्णता आणि वेदना ही चार लक्षणे पहिल्या शतकातील रोमन लेखक सेल्सस याने एकत्र नोंदवून ठेवली आहेत. वैद्यकाच्या परिभाषेत या प्रक्रियेला दाह अथवा शोथ म्हणतात. दाह हा मुळात आपला वैरी नव्हे. परकी वस्तू आत शिरली आहे, पेशी जखमी झाल्या आहेत, हे ओळखून रक्तातील संरक्षक पेशी त्या जागी धावून जातात, घाण साफ करतात आणि जखम भरून येण्याची सोय करतात. काटा निघाला, की काही दिवसांत लाली ओसरते, ठणका थांबतो आणि या पेशी माघारी फिरतात. दाहाचे सारे शहाणपण त्याच्या वेळीच थांबण्यात आहे.

परंतु तोच काटा त्याच जागी दिवसातून वीस वेळा, वर्षानुवर्षे रुतविला जात असेल तर? धूम्रपान करणाऱ्या माणसाच्या फुप्फुसात नेमके हेच घडत असते. फरक एवढाच, की फुप्फुसाच्या आत ठणका जाणवत नाही; आणि ठणका नसल्यामुळे आग लागली आहे, हेच मुळी कळत नाही.

आपल्या घराघरांतून तंबाखूविषयी बोलले जाते ते दोनच प्रकारे. एक, कर्करोगाची भीती घालून. आणि दुसरे, नीतीचा उपदेश करून. आमच्या मते हे दोन्ही मार्ग अपुरे पडले आहेत. कर्करोगाच्या भीतीला उत्तर तयार असते: ‘आमचे आजोबा ऐंशी वर्षांचे होईपर्यंत बिडी ओढत होते, त्यांना काय झाले?’ उपदेशाला तर उत्तर देण्याचीही गरज भासत नाही. घरामागच्या अंगणात, कचऱ्याच्या डब्याआड जाऊन सिगारेट पेटविली जाते आणि परत येताना तोंडात पुदिन्याची गोळी टाकली जाते. म्हणून आम्ही येथे एक तिसरीच गोष्ट वाचकांपुढे ठेवू इच्छितो. तंबाखूचा धूर हा वीस वर्षांनी येणारा धोका नसून आज, या क्षणी पेटलेला विस्तव आहे. आणि तो विझविता येतो. मात्र त्याचे काही निखारे दीर्घकाळ धुमसत राहतात, म्हणून विझविण्यास जेवढा उशीर, तेवढे नुकसान अधिक.

धूर आत जातो तेव्हा

सिगारेटच्या धुरात सात हजारांहून अधिक रासायनिक द्रव्ये असतात आणि त्यांपैकी सुमारे सत्तर कर्करोगकारक आहेत. प्रत्येक झुरक्याबरोबर अब्जावधी अतिक्रियाशील कण श्वासनलिकांच्या नाजूक अस्तरावर आदळतात. या अस्तरावर केसांसारखे सूक्ष्म तंतू असतात. एका लयीत हलत राहून धूळ आणि कफ वर ढकलणे, हे त्यांचे काम. धुराने हे तंतू लुळे पडतात, आखूड होतात. कफ साचतो आणि सकाळी उठल्याबरोबर येणारा तो परिचित खोकला सुरू होतो.

त्याच्याही पलीकडे, जेथे रक्तात प्राणवायू मिसळतो त्या वायुकोशांमध्ये भक्षक पेशी पहारा देत असतात. धूम्रपान करणाऱ्याच्या फुप्फुसात त्यांची संख्या कित्येक पटींनी वाढते आणि त्या काजळीने काळवंडतात. त्यांनी दिलेल्या रासायनिक हाकेला ओ देऊन रक्तातील पांढऱ्या पेशींच्या टोळ्या फुप्फुसात उतरतात. या पेशींजवळ जंतूंचा नाश करण्यासाठी तीव्र पाचकद्रव्ये असतात. पण येथे जंतू नसतातच. मग ती पाचकद्रव्ये वायुकोशांच्या भिंतींमधील लवचिक तंतूंवरच चालतात. एरवी यकृतात तयार होणारे एक प्रथिन या पाचकद्रव्यांना आवर घालीत असते. धुरातील द्रव्ये त्या प्रथिनालाही निकामी करतात. वायुकोशांच्या भिंती अशा रीतीने झिजून फाटतात आणि कधीही परत बांधल्या जात नाहीत. जिना चढताना लागणारी धाप हा वयाचा नव्हे, पुष्कळदा या झिजेचा हिशेब असतो. माणसाचे फुप्फुस धूर जाळीत नाही. धुराने चिथावलेली त्याची स्वतःचीच संरक्षक फौज ते पोखरते.

आग एका खोलीत राहत नाही

हा दाह फुप्फुसात कोंडून राहिला असता, तरी प्रश्न गंभीरच होता. पण तो तेथे थांबत नाही. फुप्फुसातून निघालेले दाहाचे संदेश रक्तावाटे यकृतापर्यंत पोहोचतात आणि यकृत सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन नावाचे प्रथिन अधिक प्रमाणात सोडू लागते. हे प्रथिन १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस या संशोधकांनी शोधून काढले. आज साध्या रक्ततपासणीत ‘सीआरपी’ या नावाने ते मोजले जाते. धूम्रपान करणाऱ्यांच्या रक्तात सरासरीने ते अधिक आढळते. पांढऱ्या पेशीही अधिक आणि रक्त गोठविणारे फायब्रिनोजेनही अधिक. म्हणजे कोणताही जंतुसंसर्ग नसताना हे शरीर बारा महिने युद्धसज्ज अवस्थेत असते.

या युद्धाची सर्वांत मोठी किंमत हृदय मोजते. रोहिण्यांच्या भिंतीत चरबीचे थर साचतात, हे सर्वश्रुत आहे. परंतु त्या थरांना दाहाची धग लागली, की त्यांवरचे आवरण पातळ होते आणि एखाद्या दिवशी फुटते. तेथे रक्ताची गुठळी धरते आणि हृदयाचा झटका येतो. दाहाचा यातील वाटा २०१७ साली अधिक स्पष्ट झाला. हृदयाचा झटका येऊन गेलेल्या दहा हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या एका चाचणीत, कोलेस्टेरॉलला हात न लावता केवळ दाह कमी करणारे औषध दिले असता पुढील झटक्यांचे प्रमाण घटले.

हा मुद्दा आपल्या कुटुंबांना विशेष लागू आहे. बावन्न देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ या प्रसिद्ध अभ्यासात असे दिसून आले, की दक्षिण आशियातील लोकांना पहिला हृदयाचा झटका इतरांपेक्षा सरासरीने पाच-सहा वर्षे आधी येतो. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या दक्षिण आशियाई लोकांमध्येही हृदयविकार आणि मधुमेह यांचे प्रमाण अधिक आहे. ज्या घरात आधीच वाळलेला चारा साचला आहे, तेथे ठिणगी घेऊन जाणे कोणत्याच दृष्टीने शहाणपणाचे नाही.

दाहाची आणखीही रूपे आहेत. लिओ बर्गर या वैद्याने १९०८ साली वर्णन केलेला आणि त्याच्याच नावाने ओळखला जाणारा रोग हातापायांच्या रक्तवाहिन्यांना दाह होऊन त्या बंद पडल्याने होतो. बोटे काळी पडतात, अखेरीस कापावी लागतात. हा रोग तंबाखूशिवाय सहसा होत नाही आणि भारतात तो कष्टकरी, बिडी ओढणाऱ्या तरुण पुरुषांत पाहावयास मिळतो. संधिवाताच्या एका गंभीर प्रकाराशीही धूम्रपानाचा संबंध सिद्ध झाला आहे. हिरड्यांची गोष्ट तर अधिकच फसवी. धूम्रपान करणाऱ्याच्या हिरड्यांतून रक्त कमी येते. तो समजतो, आपल्या हिरड्या निरोगी आहेत. वस्तुतः धुराने रक्तस्राव दबलेला असतो आणि आतल्या आत दातांचे हाड झिजत असते.

शेजारच्याचा धूर

‘मी माझ्या शरीराचे करतो, इतरांना काय त्याचे?’ हा युक्तिवादही टिकणारा नाही. स्कॉटलंडमध्ये २६ मार्च २००६ रोजी सार्वजनिक बंदिस्त जागांत धूम्रपानास बंदी झाली. डंडी येथील संशोधकांनी त्या भागातील पबमध्ये काम करणाऱ्या, स्वतः धूम्रपान न करणाऱ्या कर्मचाऱ्यांची बंदीपूर्वी आणि बंदीनंतर तपासणी केली. अवघ्या दोन महिन्यांत त्यांचा खोकला आणि धाप कमी झाली, फुप्फुसांची क्षमता सुधारली आणि रक्तातील पांढऱ्या पेशींची वाढलेली संख्याही उतरली. या लोकांनी आपल्या सवयीत काहीही बदल केला नव्हता. केवळ दुसऱ्याचा धूर थांबला होता. इंग्लंडमध्ये अशी बंदी १ जुलै २००७ पासून आहे, आणि १ ऑक्टोबर २०१५ पासून लहान मूल बसलेल्या मोटारीत धूम्रपान करणे हा इंग्लंड व वेल्समध्ये गुन्हा आहे. मात्र घराच्या दिवाणखान्यात कायदा शिरत नाही. तेथे आपल्या मुलांचे रक्षण आपणच करावयाचे आहे.

सोडल्यानंतर काय घडते

आता आशेच्या बाजूकडे वळू. शेवटची सिगारेट विझविल्यानंतर एक-दोन दिवसांत रक्तातील विषारी कार्बन मोनॉक्साइड वायू निघून जातो. काही आठवड्यांत रक्ताभिसरण सुधारते. पांढऱ्या पेशींची संख्या उतरू लागते. श्वासनलिकांतील सूक्ष्म तंतू पुन्हा हलू लागतात आणि साचलेला कफ वर ढकलतात. म्हणून पहिले काही आठवडे खोकला उलट वाढल्यासारखा वाटतो. हिरड्यांतून रक्त येऊ लागते, कारण दबलेला दाह आता उघड होतो. कित्येक जण येथेच घाबरतात आणि ‘सिगारेट सोडली आणि आजारी पडलो’ असे म्हणून पुन्हा पाकीट उघडतात. हा आजार नव्हे, ही साफसफाई आहे, हे त्यांना कोणी तरी वेळीच सांगावयास हवे. वजनही पहिल्या वर्षात सरासरीने चार-पाच किलोंनी वाढते. त्याची काळजी घ्यावी, पण त्या भीतीने धुराकडे परत जाऊ नये.

वर्षभरात हृदयविकाराचा जादा धोका निम्म्यावर येतो. सीआरपी आणि फायब्रिनोजेन मात्र हळूहळू उतरतात. अमेरिकेतील एका मोठ्या राष्ट्रीय पाहणीच्या आधारे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार दाहाची ही मापे कधीही न ओढणाऱ्यांच्या पातळीवर येण्यास सुमारे पाच वर्षे लागतात. पॅरिसच्या पाश्चर संस्थेने एक हजार निरोगी व्यक्तींच्या रक्ताचा केलेला अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे आढळले, की जंतूंना तत्काळ तोंड देणाऱ्या प्रतिकारशक्तीतील बिघाड धूम्रपान सोडल्यावर लवकर दुरुस्त होतो; परंतु अनुभवातून शिकणाऱ्या, स्मृती ठेवणाऱ्या प्रतिकारशक्तीवरील परिणाम सोडल्यानंतरही कित्येक वर्षे टिकतो, कारण धुराने जनुकांवर रासायनिक खुणा उमटविलेल्या असतात. ज्यांना श्वासनलिका कायम अरुंद होण्याचा विकार जडला आहे, त्यांच्या फुप्फुसातील दाह तर सोडल्यानंतरही पूर्णपणे शमत नाही.

हे वाचून कोणी निराश होईल. आमचे म्हणणे उलट आहे. फ्लेचर आणि पीटो यांनी १९७७ साली दाखवून दिले, की गमावलेली फुप्फुसाची क्षमता परत मिळत नसली, तरी सोडल्यानंतर पुढील झीज जवळजवळ सामान्य माणसाच्या गतीवर येते. भिंत पडली ती पडली, पण घर वाचते. आणि रिचर्ड डॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ पासून पन्नास वर्षे ब्रिटिश डॉक्टरांचा जो अभ्यास केला, त्याचा निष्कर्ष प्रत्येक घरात लावून ठेवण्याजोगा आहे. आयुष्यभर सिगारेट ओढणारे सरासरीने दहा वर्षे आधी मरण पावले. साठाव्या वर्षी सोडणाऱ्यांनी त्यांतील सुमारे तीन वर्षे परत मिळविली, पन्नासाव्या वर्षी सोडणाऱ्यांनी सहा, चाळिसाव्या वर्षी सोडणाऱ्यांनी नऊ, आणि तिसाव्या वर्षी सोडणाऱ्यांनी जवळजवळ सर्वच.

तीन खोटी समाधाने

या पार्श्वभूमीवर आपल्या समाजात नित्य ऐकू येणाऱ्या तीन समाधानांचा परामर्श घेणे आवश्यक वाटते.

पहिले समाधान, ‘मी कमी केली आहे; आता दिवसाला एक-दोनच.’ दाहाचे गणित असे सरळ त्रैराशिकाचे नाही. थोड्याशा धुरानेही रक्तवाहिन्यांचे अस्तर चिडते आणि रक्तबिंबिका चिकट होतात. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संकलित अभ्यासानुसार दिवसाला वीस सिगारेटी ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जो जादा धोका असतो, त्याचा जवळजवळ निम्मा धोका दिवसाला एकच ओढणाऱ्यालाही असतो. कमी करणे ही सोडण्याकडे जाणारी पायरी असेल तर ती स्वागतार्ह. तोच मुक्काम ठरला, तर ती फसवणूक आहे.

दुसरे समाधान, ‘आता या वयात सोडून काय उपयोग?’ डॉल यांचे आकडे हेच याचे उत्तर. साठाव्या वर्षी मिळणारी तीन वर्षे म्हणजे नातवंडाचे पहिले पाऊल, त्याची शाळा, त्याचे बोट धरून केलेली मायदेशाची एक वारी. त्यांना क्षुल्लक कोण म्हणेल?

तिसरे समाधान खास आपले आहे: ‘पाचव्या शीलात मद्य आहे, तंबाखू कोठे आहे?’ शब्दशः हे खरे. तंबाखू ही अमेरिका खंडातील वनस्पती. पोर्तुगीजांबरोबर ती भारतात आली. बुद्धकाळी ती येथे नव्हतीच, मग तिचे नाव कसे असणार? परंतु शीलाचा आशय वस्तूंच्या यादीत नसून बेसावधपणा टाळण्यात आहे, असे आम्ही समजतो. ज्या वस्तूशिवाय दोन तासांची सभा पुरी होत नाही, जी मनुष्याला मुलाच्या वाढदिवसातून उठवून पावसात बाहेर उभे करते, तिच्यापुढे आपण सावध आणि स्वतंत्र आहोत, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. ज्याने त्याने याचा निवाडा स्वतःच्या बुद्धीने करावा.

आपण काय करावे

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे जरूर आहे. तंबाखू ओढणाऱ्याला हिणविण्यासाठी हा लेख नाही. विदर्भातील आपल्या कित्येक कुटुंबांच्या चुली बिडीच्या मजुरीवर पेटल्या. कामठीचे बाबू हरदास एल. एन. यांनी बिडी कामगारांची संघटना उभारली आणि ऐन पस्तिशीत, १९३९ साली, ते क्षयाने गेले. ज्या हातांनी दिवसभर तेंदूच्या पानात तंबाखू वळली, त्यांतील कोणी संध्याकाळी त्यातलीच एक बिडी पेटविली असेल, तर त्याचा दोष त्या हातांना देणे अन्यायाचे आहे. मात्र बिडी सिगारेटपेक्षा सौम्य, हा समज सोडावा. तेंदूच्या पानातून हवा खेळत नाही. ती विझू नये म्हणून वरचेवर आणि जोराने ओढावी लागते, त्यामुळे तिच्यातून मिळणारे निकोटीन, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटपेक्षा कमी नसते.

तसेच, हा प्रश्न केवळ पुरुषांचा नाही. महाराष्ट्रात धूम्रपान करणाऱ्यांपेक्षा तंबाखू चघळणारे आणि मिश्री लावणारे कितीतरी अधिक आहेत. गावाहून येणाऱ्या बॅगेत पापड आणि चटणीबरोबर आईसाठी किंवा सासूबाईंसाठी मिश्रीची पुडीही येते. तिला धूर नाही, पण हिरड्यांवर आणि गालाच्या अस्तरावर तिचा दाह आहेच, आणि त्यापुढे कर्करोगही. वडीलधाऱ्या बाईला तोडून बोलण्यापेक्षा तिला दंतवैद्याकडे नेऊन तिचे तोंड तपासून घेणे अधिक माणुसकीचे आहे.

सोडण्याचा निश्चय केलेल्याने केवळ मनोनिग्रहावर विसंबू नये. निकोटीनचे व्यसन हे मेंदूतील रसायनांचे बंधन आहे. ते न सुटणे हा चारित्र्यदोष नव्हे. इंग्लंडमध्ये स्थानिक धूम्रपानमुक्ती सेवांचे मार्गदर्शन विनामूल्य मिळते. निकोटीनच्या पट्ट्या, च्युइंगगम तसेच व्हॅरेनिक्लिन आणि सिटिसिन या गोळ्या वैद्यकीय सल्ल्याने घेता येतात. अशा मदतीने सोडणाऱ्यांना यश येण्याची शक्यता एकट्याने झगडणाऱ्यापेक्षा तिपटीपर्यंत वाढते, असे एनएचएसचे सांगणे आहे. दाहाला मुख्यतः जबाबदार असतो तो जळणारा धूर. म्हणून पट्टीतील निकोटीनची भीती बाळगून सिगारेट चालू ठेवणे हे उलटे गणित होय.

वेपविषयीही तारतम्य हवे. सिगारेट सोडू इच्छिणाऱ्या प्रौढाला ती साधन म्हणून उपयोगी पडते, हे चाचण्यांतून दिसून आले आहे आणि सिगारेटपेक्षा तिचा अपाय पुष्कळ कमी आहे. पण निरुपद्रवी ती नाही, आणि ज्या मुलाने कधी सिगारेट ओढलीच नाही, त्याने फळांच्या वासाला भुलून निकोटीनच्या दारात जाण्याचे काहीच कारण नाही. भारतात २०१९ च्या कायद्याने अशा उपकरणांची आयात आणि विक्री प्रतिबंधित आहे. सुटीत मायदेशी जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

राहता राहिला प्रश्न आपल्या संस्थांचा. आमची सूचना साधी आहे. वार्षिक कार्यक्रमांत रक्तदाब आणि मधुमेहाच्या तपासणीची मेजे मांडली जातात, तेथेच फुप्फुसातील कार्बन मोनॉक्साइड मोजणारे लहानसे यंत्र आणि जवळच्या धूम्रपानमुक्ती सेवेचा दूरध्वनी क्रमांक ठेवावा. फुंकर मारताच आकडा दिसतो, आणि सोडल्यानंतर दोन दिवसांतच तो उतरलेला पाहावयास मिळतो. न दिसणारा विस्तव एकदा आकड्यांत दिसला, की त्याविषयी लपवून बोलण्याची गरज उरत नाही. ज्यांनी व्यसन सोडले आहे, त्यांनी व्यासपीठावरून दोन शब्द बोलावेत. डॉक्टरांच्या दहा भाषणांपेक्षा त्यांचे मोल अधिक आहे. आणि सभागृहाच्या पायरीवर सिगारेट पेटविणाऱ्या बांधवाकडे पाहून नाक मुरडण्याऐवजी कोणी तरी त्याच्याजवळ जाऊन एवढेच विचारावे, ‘दादा, सोडायची आहे का? चला, आपण मिळून क्रमांक फिरवू.’